चुलत बहीण

ग्लेन हॅस्किन्सने फाईल फिरवून टेबलावरून पलीकडे सरकवली आणि एका शब्दावर पेनाचं मागचं टोक टेकवलं.

"हे अक्षर तुमच्या आईचंच ना?"

कोरिनने वाकून पाहिलं. कागद पिवळा पडला होता, शाई मात्र टिकून होती. सरकारी निवासासाठीचा अर्ज, मे १९८६. 'सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचे नाव' या रकान्यात इंगा सोल्बर्ग. त्यापुढच्या 'नाते' या रकान्यात चुलत बहीण. उजवीकडे झुकलेलं, घाईतलं अक्षर. बोट सुटायच्या आधी गुडघ्यावर कागद ठेवून लिहावं तसं.

"आईचंच आहे."

"मग झालं तर." हॅस्किन्स खुर्चीत मागे रेलला. गेली अकरा वर्षं तो कर्मचाऱ्यांच्या लाभांचं काम बघत होता आणि लाभ या शब्दाचा त्याच्या चेहऱ्यावर कधीही परिणाम झाला नव्हता. "नियम अगदी सोपा आहे. जोडीदार म्हणून विमा मिळवायचा, तर दोघींमध्ये रक्ताचं नातं असता कामा नये. लोर्नाने गेल्या वर्षी लिहून दिलं, ही माझी जोडीदार. त्याच लोर्नाने शहाऐंशी साली लिहून दिलं, ही माझी चुलत बहीण. आता सरकारने कुठली लोर्ना खरी मानायची?"

कोरिनच्या शेजारी इंगा बसली होती. पायात रबरी बूट, मांडीवर भिजलेली लोकरी टोपी, तिच्यावर दोन्ही हात. तिने फाईलकडे पाहिलं नाही. त्यात काय लिहिलंय ते तिला माहीत होतं. लिहिताना ती बोटीत शेजारीच होती.

"मिस्टर हॅस्किन्स," कोरिन म्हणाली, "तुम्ही आमच्या घरी जेवायला आलायत. दोनदा तरी."

"तीनदा," इंगा म्हणाली.

"ते घरचं झालं हो. मी इथे फाईल बघतो."

"जेवताना तुम्हाला काय वाटत होतं, या दोघी कोण?"

"मला काय वाटतं याला इथे रकाना नाही, बाई." आपल्या उत्तरावर तो खूष झालेला दिसला. "हे बघा, मला वाईट वाटत नाही असं समजू नका. लोर्ना फार चांगली बाई होती. पण मेलेल्या माणसाला मी दुरुस्ती करायला बोलावू शकत नाही."

लोर्नाला जाऊन आठ आठवडे झाले होते. चोवीस वर्षं ती राज्याच्या मत्स्यखात्यात होती. उन्हाळाभर रानातल्या एका नदीवर आडवा जाळीबांध घालून, वर चढणारे सॅमन मोजायचे आणि हिवाळाभर त्या आकड्यांचे अहवाल करायचे, हे तिचं काम. नदीकाठी खात्याची एक खोलीची झोपडी होती. तीत फक्त कर्मचारी आणि कुटुंबीय राहू शकत. बाकी कुणी राहिलं तर नोकरी जाई. म्हणून त्या एका रकान्यात तो एक शब्द. पुढे तो शब्द गावभर झाला. कचेरीतले लोक हवेत अवतरणचिन्हांसारखी दोन-दोन बोटं वाकवून 'लोर्नाची चुलत बहीण' म्हणत आणि हसत. आणि सप्टेंबरात इंगाने धुरी दिलेला सॅमन वाटला, की न हसता डबे घेऊन जात.

दोन वर्षांपूर्वी कोर्टाने कान पिळले, तेव्हा सरकारने अशा जोडीदारांना विमा देऊ केला. इंगाला तोवर गरज नव्हती. ती मासळीच्या कारखान्यात हिशेबनीस होती, तिथला विमा होता. गेल्या वर्षी कारखाना बंद पडला आणि लोर्नाने अर्ज भरला. तो तपासायला हॅस्किन्सला दहा महिने लागले. दहा महिन्यांत लोर्ना आजारी पडली आणि संपली. इंगाच्या अंगात आठ वर्षांपूर्वी सिअ‍ॅटलला बसवलेली, कुणा अनोळखी माणसाची किडनी होती. ती टिकवायला सकाळ-संध्याकाळ गोळ्या लागत. कपाटात चाळीस दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या.

"काहीतरी मार्ग असेल," कोरिन म्हणाली.

"आहे ना. आम्ही काय राक्षस आहोत?" हॅस्किन्सने खणातून एक छापील कागद काढला. "एक साक्षीदार आणा. दोघींपैकी कुणाचाही नातेवाईक नको, म्हणजे तुम्ही बाद. आणि हा संबंध त्याला सुरुवातीपासून माहीत हवा. त्याने इथे माझ्यासमोर निवेदन द्यायचं. शुक्रवारी पाचपर्यंत, कारण त्या दिवशी मृत्यूनंतरचे साठ दिवस होतात."

आज सोमवार होता. कोरिनने कागद वाचला. 'निकटचा, परस्परांशी बांधील व अखंड संबंध.' कुठल्या तरी वकिलाने दुपारच्या जेवणानंतर हे लिहिलं असणार. यापेक्षा जास्त माया फ्रिजच्या हमीपत्रात असते, असं तिला वाटलं. तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

बाहेर नेहमीचा पाऊस होता. अलास्काच्या त्या किनाऱ्यावर छत्री फक्त पर्यटक वापरतात. दोघी भिजत गाडीपर्यंत गेल्या.

"सुरुवातीपासून माहीत असलेला माणूस," कोरिन म्हणाली. "अख्ख्या गावाला माहीत आहे."

"बघ विचारून," इंगा म्हणाली.

निमित्त तयारच होतं. अंत्यविधीनंतर लोकांनी घरी पोचवलेली भाजलेल्या मॅकरोनीची, बटाट्याची काचेची भांडी अजून ओट्यावर रचून ठेवलेली होती. प्रत्येकाच्या तळाशी चिकटपट्टी आणि तिच्यावर शाईने आडनाव; दुःखात सहभागी झालो तरी भांडं परत यावं. कोरिनने पाच भांडी धुतली, पुसली आणि मंगळवारी-बुधवारी पाच घरांची दारं वाजवली.

पाचही घरांत तिला कॉफी मिळाली. पाचही घरांत लोर्नाची आठवण निघाली आणि दोन घरांत डोळे पुसले गेले. मग कोरिनने पर्समधला कागद काढला, की खोलीतली हवा बदलायची. लोर्नाच्या कचेरीत समोरच्या टेबलावर बसणारी बाई म्हणाली, मी तशी कुणाच्या खाजगीत लक्ष घालत नाही. तिने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. चर्चमधल्या नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि आम्हाला खरंच कधी तसं वाटलं नाही म्हणाले. चौथ्या घरातल्या बाईने भांडं उलटं करून चिकटपट्टी तपासली आणि म्हणाली, "झाकण पण होतं याला."

शेवटचं घर क्लाइड ऑस्टरमनचं. पंधरा उन्हाळे त्याने खात्याच्या नोकरीत लोर्नाची बोट चालवली होती. पाठीवरचं सामान आणि इंगा, दोन्ही त्यानेच नदीकाठी उतरवलं होतं. झोपडीत एकच पलंग आहे हेही त्याला माहीत होतं, कारण तो त्यानेच ठोकला होता.

"लोर्ना माझ्या बहिणीसारखी होती गं," क्लाइड म्हणाला.

"तशा बहिणी तिला बऱ्याच मिळाल्या."

ते त्याच्या डोक्यावरून गेलं, किंवा त्याने जाऊ दिलं. "तिने स्वतः मला सांगितलं, क्लाइड, ही माझी चुलत बहीण. मी म्हटलं, बरं. आता मी जाऊन सांगू, की ती सरकारशी खोटं बोलली? तिच्या माघारी? तिच्या नावाला बट्टा नको लागायला."

"तिच्या नावाला काही लागत नाही आता. इंगाला गोळ्या लागतात."

"ते कळतंय मला." त्याने मान हलवली. "पण मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत, कोरिन. उद्या कुणी विचारलं, ऑस्टरमन, तुला ठाऊक होतं तर तेव्हा का नाही कळवलंस?"

"म्हणजे बट्टा तुझ्या नावाला."

"असं बोलू नकोस. मी तिच्या शवपेटीला खांदा दिलाय."

"जड होती का?" कोरिनने विचारलं आणि उठली. भांडं तिने त्याच्या बायकोच्या हातात न देता दाराबाहेर, बुटांच्या शेजारी ठेवलं.

गुरुवारी दुपारी ती धक्क्यावर वडिलांच्या कारखान्यात गेली. एल्डन बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. साठी उलटली होती. कोरिन नऊ वर्षांची असताना लोर्ना घर सोडून गेली. तेव्हापासून त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं. लोर्ना म्हणजे 'तुझी आई' आणि इंगा म्हणजे 'ती बया'. कोरिनचे हिवाळे इथे, या डिझेलच्या वासात गेले होते. इथून उन्हाळ्यात नदीवर गेली, की तीही इंगाला 'ए' अशीच हाक मारायची. इंगा ओ द्यायची.

अंत्यविधीला एल्डन आला नव्हता.

"घटस्फोटाचे कागद आहेत का तुझ्याकडे?" कोरिनने विचारलं.

"कशाला?" तो कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून दात घासायच्या ब्रशने घासत होता.

"त्यात कारण लिहिलेलं असेल."

"'पटत नाही.' एवढंच. वकील म्हणाला, पोरगी आहे, याच गावात राहायचंय, घाण कागदावर कशाला आणता." त्याने ब्रश झटकला. "काय झालं?"

तिने सांगितलं. थोडक्यात सांगितलं, आवाज सपाट ठेवून. हॅस्किन्स, पिवळा कागद, पाच भांडी, क्लाइड. एल्डन मध्येच हसायला लागला. ते हसू चांगलं नव्हतं.

"चुलत बहीण! अजून तेच चाललंय?"

"तेच चाललंय. इंगाच्या गोळ्या बंद होतील."

"होऊ देत."

कोरिनने पर्सचा पट्टा खांद्यावर चढवला. बापाला ओळखायला तिला तेहेतीस वर्षं मिळाली होती. तिने फारसं काही मागितलंही नव्हतं. ती जायला वळली.

"थांब. म्हणजे सरकारच्या मते," एल्डन हळूहळू म्हणाला, "माझी बायको तिच्या चुलत बहिणीकडे राहायला गेली."

"सरकारच्या मते, हो."

"नातेवाइकांकडे. सुट्टीला जातात तशी."

"हो."

"मग मी कोण? बायको नात्यातल्या बाईकडे राहायला गेली म्हणून चोवीस वर्षं तोंड लपवून फिरणारा खुळा?" त्याने कार्बोरेटर फडक्यावर ठेवला. फार जपून ठेवला. "माझ्या पाठीमागे हे गाव हसलं ते काय चुलत बहिणीला? त्या हॅस्किन्सचा बाप इथे याच स्टुलावर बसून मला म्हणाला होता, एल्डन, बाईने बाई पळवली असं पहिल्यांदाच ऐकतोय. आणि आता त्याच्या पोराला माहीत नाही?"

"त्याला रकाना नाही म्हणे."

"किती वाजता उघडतं ते ऑफिस?"

शुक्रवारी सव्वातीनला तो हॅस्किन्ससमोर बसला. अंगात लग्नकार्याचा कोट, नखांत काळं. एका कडेला कोरिन, दुसऱ्या कडेला इंगा. तो इंगाच्या बाजूला मान वळवत नव्हता. तिच्या जागी कपाट असावं तसा बसला होता.

"अर्जदाराशी तुमचं नातं?" हॅस्किन्सने विचारलं.

"काही नाही."

"मृत कर्मचाऱ्याशी?"

"तू मला ओळखतोस, ग्लेन."

"मला विचारावं लागतं."

"घटस्फोट झालाय. आता काही नाही."

हॅस्किन्सने नियमांची वही उघडली. बोट ओळीवरून फिरवत खाली नेलं, पान उलटलं, परत मागे आला. त्याला हवी होती ती ओळ त्यात नव्हती. घटस्फोटित नवरा कुणाचाच नातेवाईक नसतो, असं सरकारने फार पूर्वी आणि दुसऱ्याच कशासाठी तरी ठरवून ठेवलं होतं.

"ठीक आहे," तो नाखुषीने म्हणाला आणि कीबोर्ड जवळ ओढला. "सांगा."

"लिही. पंच्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात ही बया माझ्या घरातून माझी बायको घेऊन गेली. चुलत बहिणी असं करत नाहीत."

हॅस्किन्सची बोटं थांबली. "असं नाही लिहिता येत. मी असं घालतो: 'उभयतांमध्ये निकटचा व परस्परांशी बांधील संबंध असल्याचे मला ज्ञात आहे.'"

"ते तुझं झालं. मी काय त्यांच्या प्रेमाचा दाखला द्यायला आलेलो नाही. माझं काय गेलं ते सांगायला आलोय."

"पण 'बया'—"

"खोडू नकोस."

"ऑक्टोबर नव्हता," इंगा म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. एल्डननेसुद्धा.

"ऑक्टोबरच," तो म्हणाला. "मी हॅलिबट मासेमारीच्या शेवटच्या खेपेहून आलो त्या दिवशी. घर रिकामं होतं."

"घर ऑक्टोबरात रिकामं झालं." इंगा मांडीवरच्या टोपीशी बोलावं तशी बोलत होती. "तो विचारतोय, सुरुवात कधी. सुरुवात सप्टेंबरात झाली. तू खेपेला निघायच्या आधी."

भिंतीवरच्या हीटरमध्ये काहीतरी टक् टक् वाजत होतं. कोरिनला वडिलांच्या कानामागची शीर दिसत होती. हे आज, या खोलीत, हॅस्किन्सच्या देखत त्याला कळायला नको होतं, असं तिला वाटलं. आणि इंगाचा रागही आला, जुना, नऊ वर्षांच्या मुलीचा. पण इंगा खोटं लिहून घ्यायला आलेली नव्हती. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं होतं.

"मग मी कुठला महिना घालू?" हॅस्किन्सने विचारलं.

एल्डनने अंगठ्याने एका नखातलं काळं खरवडलं.

"ती म्हणते तो घाल," तो म्हणाला.

हॅस्किन्सने सप्टेंबर घातला. मग चष्म्यावरून छापील कागदाकडे पाहिलं. "शेवटचा मुद्दा. अखंड संबंध. म्हणजे मधे तुटलेला नको. कर्मचाऱ्याच्या मृत्यूपर्यंत हा संबंध अखंड होता, हे तुम्हाला ज्ञात आहे का?"

"हो."

"कसं?" हॅस्किन्सचा आवाज जरा सैल झाला, त्याला इथे फट दिसली होती. "तुमचं त्यांच्याकडे येणं-जाणं नव्हतं. बोलणं नव्हतं. बरोबर? मग चोवीस वर्षांत हे कधी तुटलं नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

एल्डनने कोटाची बाही खाली ओढली.

"माझ्या कारखान्यातून त्यांचं घर दिसतं. खाडीच्या पलीकडे," तो म्हणाला. "मी बघत होतो."

"काय बघत होता?"

"तुटतंय का ते." त्याने घसा साफ केला. "रोज बघत होतो. आज भांडतील, उद्या ही बया पेटी घेऊन बाहेर पडेल, नाहीतर ती. दोन खुर्च्या असायच्या पुढच्या ओसरीवर. एखाद्या दिवशी एकच दिसली की मी काम टाकून उभा राहायचो. मग कळायचं, दुसरी रंगवायला काढलीय." तो थांबला. "तुटलं असतं तर या गावात सगळ्यात आधी मला कळलं असतं, ग्लेन. नाही तुटलं. लिही."

हॅस्किन्स त्याच्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून लिहायला लागला. कोरिन खिडकीतून बाहेर, गाड्यांच्या रांगेकडे पाहू लागली. वडिलांकडे कोणत्या चेहऱ्याने बघावं, हे तिला त्या घडीला ठरवता येईना.

मागच्या यंत्रातून कागद बाहेर आला. हॅस्किन्सने तो उचलून एल्डनसमोर ठेवला आणि खालची रेघ दाखवली.

"वाचून सही करा."

एल्डनने कागद उचलला. लांब धरला, मग आणखी लांब. कोटाचा आतला खिसा चाचपला, मग बाहेरचे दोन्ही. चष्मा कारखान्यात राहिला होता.

"मी वाचून दाखवू?" हॅस्किन्स म्हणाला.

"तू नको."

कोरिन उठणार, तेवढ्यात इंगाने आपल्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. औषधांच्या दुकानात फिरत्या स्टँडवर मिळतो तसला, तपकिरी दांडीचा. तिने तो टोपीला पुसला आणि टेबलावर ठेवून, बोटाने ढकलत त्याच्यापुढे नेला.

एल्डनने चष्म्याकडे पाहिलं. मग तो डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.

"नंबर भलताच आहे," तो म्हणाला. पण काढला नाही. सगळं पान संपेपर्यंत.